गालापागोसला बेटं किती बघायची यापेक्षा कोणत्या वयाची बघायची

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: गालापागोससाठी हातात दहा दिवस आहेत, बरोबर ६८ वर्षांच्या सासूबाई आणि ११ वर्षांचा मुलगा आहे. क्रूझ घ्यावी की गावात राहून रोज बोटीने फिरावं, कोणता महिना धरावा, सासूबाईंना झेपेल का, आणि एका कंपनीने ‘आठ दिवसांत नऊ बेटं’ असा जो कार्यक्रम पाठवलाय तो घ्यावा का. मी गेली चौदा वर्षं निसर्ग बघायला येणारे छोटे गट घेऊन तिकडे जाते. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात. तो कार्यक्रम घेऊ नका.

नऊ बेटं बघितली की एकही धड लक्षात राहत नाही, हे मी माझ्याच गटांत बघितलंय. सकाळी एका बेटावर दोन तास, जेवून दुसऱ्या बेटावर दोन तास, रात्रभर जहाज चालूच. तिसऱ्या दिवशी लोक विचारायला लागतात, "तो निळ्या पायांचा बूबी पक्षी कालच्या बेटावर होता की परवाच्या?" आणि गालापागोसला नेमकं हेच लक्षात राहायला हवं असतं. कोणता प्राणी कोणत्या बेटावर आहे आणि शेजारच्या बेटावर तो कसा बदललाय, यातच तिथली सगळी गोष्ट आहे. चार्ल्स डार्विन १८३५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये इथे पाच आठवडे होता आणि चारच बेटांवर उतरला. तरी त्याचीही गल्लत झाली. बेटांचा तेव्हाचा उपराज्यपाल निकोलस लॉसन त्याला म्हणाला होता, की कासवाची पाठ बघून ते कुठल्या बेटावरचं आहे हे मी सांगू शकतो. डार्विनने ते तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. फिंच पक्ष्यांचे नमुने गोळा करताना कोणता कुठल्या बेटावरचा याची नीट नोंदही ठेवली नाही. मॉकिंगबर्ड या पक्ष्याच्या बाबतीत मात्र ठेवली, आणि त्या नोंदींनीच त्याला पुढे विचारात पाडलं.

म्हणून माझं म्हणणं असं, की एक अगदी तरुण बेट बघा, एक म्हातारं बघा आणि मधल्या वयाचं एखादं बघा. प्रत्येक ठिकाणी पुरेसा वेळ थांबा. एवढं जमलं तर दहा दिवसांचं सोनं होईल.

वय कसं ओळखायचं ते सांगते, म्हणजे नकाशा हातात घेतला की तुम्हालाच वाचता येईल. ही बेटं इक्वाडोरच्या किनाऱ्यापासून पश्चिमेला सुमारे हजार किलोमीटरवर आहेत आणि सगळी ज्वालामुखीतून वर आलेली आहेत. खाली खोलवरून तप्त खडकाचा झोत एकाच ठिकाणी वर येतो. त्याच्यावरचा समुद्रतळ, म्हणजे नाझ्का भूपट्ट, वर्षाला पाचेक सेंटीमीटर या वेगाने पूर्वेकडे सरकत असतो. चूल जागच्या जागी आणि तवा सरकतोय, असं समजा. पश्चिमेचं फर्नांदिना आणि इसाबेला आत्ता चुलीवर आहेत. पूर्वेची सान क्रिस्तोबाल आणि एस्पान्योला ही बेटं चुलीवरून कधीच पुढे गेली, त्यांचं वय तीस ते चाळीस लाख वर्षं आहे. तुमच्या मुलाला हा हिशेब करायला सांगा: वर्षाला पाच सेंटीमीटर, चाळीस लाख वर्षं, किती अंतर झालं? दोनशे किलोमीटर. फर्नांदिनापासून एस्पान्योला साधारण तेवढ्याच अंतरावर आहे. माझ्या गटातल्या एका मुलीने हे गणित जहाजावर कागदी रुमालावर केलं होतं. उत्तर आल्यावर ती बराच वेळ नकाशाकडे बघत बसली होती.

पुढे सरकलेलं बेट थंड होतं, झिजतं, हळूहळू खचतं आणि शेवटी पाण्याखाली जातं. एस्पान्योलाच्याही पूर्वेला अशी बुडालेली बेटं समुद्रतळावर आहेत. म्हणजे पश्चिमेकडून पूर्वेकडे जाताना तुम्ही बेटाचं अख्खं आयुष्य बघत जाता. आपला सह्याद्रीही अशाच झोताने ओतलेल्या बेसाल्टचा आहे, फक्त तो साडेसहा कोटी वर्षांहून जुना. ओळखीचा काळा कातळ ताजा असताना कसा दिसतो, हे मराठी माणसाला तिथे बघायला मिळतं आणि ते बघताना पोटात काहीतरी हलतं.

आता फर्नांदिना. माझं सगळ्यात आवडतं बेट. तिथला ज्वालामुखी ला कुंब्रे २०२४ च्या मार्चमध्ये फुटला होता आणि त्याआधी २०२०, २०१८ आणि २०१७ मध्येही. १९६८ साली त्याच्या माथ्यावरच्या विवराचा तळ जवळपास साडेतीनशे मीटर खाली कोसळला. एवढं मोठं बेट, पण प्रवाशांना उतरायची जागा एकच, पुंता एस्पिनोसा. बाहेरून आलेला एकही सस्तन प्राणी या बेटावर रुजलेला नाही. उंदीर नाही, मांजर नाही, बकरी नाही. इतक्या मोठ्या बेटाच्या बाबतीत ही फार दुर्मीळ गोष्ट आहे.

उतरल्या उतरल्या पायाखाली जो लाव्हा येतो, त्याच्या पृष्ठभागावर दोरखंडाचे पीळ रचून ठेवल्यासारख्या वळ्या असतात. वरची साय थंड होत होती आणि आतला रस अजून वाहत होता, त्या ओढीने सायीला पडलेल्या या सुरकुत्या. हवाई बेटांवरच्या लोकांनी त्याला पाहोएहोए हे नाव दिलंय. जिथे लाव्हा घट्ट होऊन तुटत तुटत सरकला तिथे नुसते धारदार ढेकूळ, त्याचं नाव आआ. पाहोएहोएवरून चालता येतं, आआवर पडलात तर हातपाय सोलून निघतात. या कातळावर माती नावाला नाही. भेगांमधून वीतभर उंचीचे लाव्हा निवडुंग तेवढे वर आलेले असतात. कोवळी टोकं पिवळट, खालचा भाग करडा. नव्या जमिनीवर जीव पहिल्यांदा कसा पाय रोवतो ते बघायचं असेल तर याच्याजवळ थांबा. बहुतेक लोक इग्वानांच्या ओढीने याच्यावरून नजर न टाकता पुढे जातात.

इग्वाना मात्र खरोखर थांबवतातच. आधी तुम्हाला ते दिसत नाहीत, कातळच वाटतो. मग कातळाला डोळा फुटतो. शेकडो समुद्री इग्वाना एकमेकांच्या अंगावर पाय टाकून, तोंडं एका दिशेला करून पडलेले असतात. समुद्रात उतरून चरणारी ही जगातली एकमेव पाल. मोठे नर खोल बुडी मारून खडकावरचं शेवाळ खातात, माद्या आणि लहान पिल्लं ओहोटीच्या वेळी उघड्या पडलेल्या खडकांवर चरतात. पाणी थंड आणि हे थंड रक्ताचे, त्यामुळे वर आले की पुन्हा तापेपर्यंत असेच पडून राहतात. काळा रंग उन्हासाठी कामाचा. आता जरा जवळून बघा. डोक्यावर पांढरी टोपी घातल्यासारखी दिसते ना? ते मीठ. शेवाळाबरोबर पोटात गेलेलं जास्तीचं मीठ नाकाजवळच्या ग्रंथी गोळा करतात, आणि प्राणी ते फुस्सकन नाकपुड्यांतून उडवतो. थोडं त्याच्याच डोक्यावर पडतं आणि वाळतं. निवांत बसलात तर दर मिनिटाला कुठून ना कुठून हा शिंकेसारखा आवाज येतो. दहा मिनिटं कॅमेरा खाली ठेवून तो नुसता ऐका.

त्याच खडकांच्या टोकाला पंख गमावलेला पाणकावळा असतो. पाणकावळे आपण तळ्याकाठी पंख पसरून वाळवत बसलेले बघतोच. हाही तसाच उभा राहतो, पण पसरायला पंख आहेत कुठे? उडायला लागतील त्याच्या एक तृतीयांश लांबीचे, पिसं विरलेली. जगात हा पक्षी फक्त फर्नांदिना आणि इसाबेलाच्या किनाऱ्यावर आहे, एकूण संख्या हजार-दोन हजारांच्या घरात. जमिनीवर पकडणारं कोणी नव्हतं आणि अन्न पायाशी असलेल्या समुद्रात होतं. उडणं महाग पडत गेलं आणि पंख आखडत गेले. त्याचं घरटं म्हणजे समुद्री शेवाळाचा ढीग. जोडीतला एक पक्षी समुद्रावरून परत येतो तेव्हा चोचीत काहीतरी आणतो, शेवाळाची जुडी, कधी तारामासा. घरट्यावरचा पक्षी ते घेतो, इथे ठेवून बघतो, तिथे ठेवून बघतो. एकदा मी हे सलग पाऊण तास बघितलं. आणलेल्या शेवाळाची एक लांब पट्टी घरट्यावरच्या पक्ष्याने पाच वेळा उचलून जागा बदलून ठेवली. आमचा वाटाड्या खाली बसून होता आणि कोणालाही घाई करत नव्हता. असा वाटाड्या मिळाला तर त्याचे उपकार माना.

समोरच्या इसाबेलावर उर्बिना खाडी नावाची जागा आहे. १९५४ साली तिथला समुद्रतळ एकाएकी चार-पाच मीटर वर उचलला गेला. आज त्या कोरड्या जमिनीवर झुडपांमध्ये प्रवाळांचे गोळे पडलेले दिसतात. जमीन जिवंत आहे असं आपण बोलतो, इथे ते हाताला लागतं. हात मात्र लावू नका, तो नियम आहे.

मधल्या वयासाठी सांता क्रूस. किनाऱ्यावर फड्या निवडुंगाची खोड असलेली झाडं, आणि गाडीने अर्धा-पाऊण तास वर चढलात की धुकं आणि स्कालेसियाचं जंगल. स्कालेसिया हे सूर्यफुलाच्या कुळातलं, पण इथे वाढून मोठ्या झाडाएवढं झालंय, फांद्यांना शेवाळ लटकलेलं. नेहमीची मोठी झाडं इथे नव्हती, म्हणून सूर्यफुलाच्या नातेवाइकाने झाडाची जागा घेतली. लोस हेमेलोस नावाच्या दोन प्रचंड खचखळग्यांच्या काठी हे जंगल शिल्लक आहे. बराचसा भाग शेतीत गेला आणि उरलेल्यात बाहेरून आलेली ब्लॅकबेरी माजलीय, ती उपटायचं काम सतत चालू असतं.

याच उंचावरच्या कुरणांत मोठी कासवं मोकळी फिरतात. रस्त्यात गाडी थांबवून कासव ओलांडेपर्यंत वाट बघावी लागते. मुलाला एक गोष्ट दाखवा: कासवाच्या अगदी जवळून कोणी गेलं की ते मान आत घेतं आणि फुस्स असा मोठा आवाज होतो. ते रागावलेलं नसतं. मान आत ओढली की फुप्फुसातली हवा बाहेर पडते, त्याचा तो आवाज. हिरव्या, ओल्या बेटांवरच्या कासवांची पाठ घुमटासारखी गोल असते, कारण चारा जमिनीवरच आहे. एस्पान्योलासारख्या कोरड्या बेटावर पाठीची पुढची कड खोगिरासारखी वर उचललेली असते, म्हणजे मान उंच करून निवडुंगापर्यंत पोचता येतं. लॉसन जे म्हणत होता ते हेच. सांता क्रूसवरच्या पोर्तो आयोरा गावातल्या चार्ल्स डार्विन संशोधन केंद्राच्या आवारात दोन्ही तऱ्हेची कासवं जवळजवळ बघता येतात. तिथेच पिंता बेटाचं शेवटचं कासव, ‘एकटा जॉर्ज’, जतन करून ठेवलंय. तो १९७१ मध्ये सापडला आणि २४ जून २०१२ ला गेला. त्याच्याबरोबर पिंताची कासवं संपली. त्या खोलीत मी कोणाशी बोलत नाही, लोकांनाही तसंच सांगते.

त्याला लागूनच एस्पान्योलाची गोष्ट सांगायला हवी. तिथे चौदाच कासवं उरली होती, बारा माद्या आणि दोन नर. सगळी उचलून सांता क्रूसला आणली. सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात असलेला तिसरा नर, दिएगो, परत मागवला. त्यांच्या पिल्लांपासून बेटावर आज पुन्हा कासवांची वस्ती उभी राहिली आहे आणि २०२० साली म्हातारी कासवंही परत नेऊन सोडली.

एस्पान्योलाला जायचं ते अल्बट्रॉससाठी. लहरी रेघांचा हा अल्बट्रॉस जवळपास पूर्णपणे या एका बेटावर वीण करतो. पसरलेले पंख सव्वादोन मीटरच्या आसपास. जोडीदार एकमेकांसमोर उभे राहून चोचीला चोच घासतात, चोच आकाशाकडे करतात, टकटक आवाज काढतात, डुलत चालतात आणि पुन्हा पहिल्यापासून. पण हा पक्षी इथे एप्रिल ते डिसेंबर एवढाच असतो. बाकीचे महिने खुल्या समुद्रावर. हे मी मुद्दाम सांगते, कारण माझ्या सुरुवातीच्या वर्षांत एका प्रवासी कंपनीने माझ्या गटाला फेब्रुवारीतली एस्पान्योलाची सफर विकली होती, माहितीपत्रकावर अल्बट्रॉसच्या नाचाचा मोठा फोटो छापून. आम्ही कड्यावर पोचलो तेव्हा तिथे वारा होता, खाली खडकातून उसळणारं पाणी होतं, आणि एकही अल्बट्रॉस नव्हता. गटातल्या एक बाई केवळ त्यासाठी चार वर्षं पैसे साठवून आल्या होत्या. मी स्वतः आधी तपासलं नव्हतं. तेव्हापासून कोणता पक्षी कोणत्या महिन्यात कुठे असतो हे मी आधी कागदावर लिहून देते.

तिथला मॉकिंगबर्ड मुलाला फार आवडेल. बेटावर गोडं पाणी नाही, त्यामुळे हे पक्षी पाण्याच्या बाटलीच्या झाकणावर येऊन बसतात. देऊ नका. एकाला दिलं की तो दुसऱ्यांनाही शिकवतो.

महिना. इथे दोन ऋतू आहेत आणि दोन्ही समुद्र ठरवतो. साधारण जानेवारी ते मे पाणी कोमट, आकाश मोकळं, अधूनमधून जोराची सर, बेटं हिरवी. जून ते नोव्हेंबर दक्षिणेकडून हंबोल्ट प्रवाह थंड पाणी आणतो, वर ढग, उंचावर ‘गारुआ’ म्हणजे सतत भुरभुरणारा पाऊस. पश्चिमेकडून पाण्याखालून येणारा क्रॉमवेल प्रवाह फर्नांदिना-इसाबेलाच्या भिंतीला धडकून खालचं थंड, सकस पाणी वर आणतो. विषुववृत्तावर पेंग्विन कसा, याचं उत्तर या थंड पाण्यात आहे. बऱ्याच लोकांना कोमट पाणी हवं असतं. पण आपल्याला सुखाचं पाणी ते तिथल्या जिवांना उपासाचं. १९८२-८३ आणि १९९७-९८ च्या एल निन्योत पाणी तापलं, शेवाळ गेलं, मासे खोल गेले. इग्वाना मोठ्या संख्येने मेले, पेंग्विन निम्म्याहून कमी झाले. जगलेल्या इग्वानांची लांबीच कमी झाली होती. उपासात त्यांचं शरीर आखूड होतं आणि अन्न परत आलं की पुन्हा वाढतं, असं संशोधकांना मोजमापांतून दिसलं.

तुमच्यासाठी मी मेचा दुसरा पंधरवडा किंवा जूनची सुरुवात धरीन. अल्बट्रॉस आलेले असतात, पाणी फार गार झालेलं नसतं, समुद्रही ऑगस्ट-सप्टेंबरइतका खवळलेला नसतो. मुलगा पाण्यात उतरणार असेल तर पूर्ण बाह्यांचा वेटसूट भाड्याने घ्या, पश्चिमेचं पाणी कोणत्याही महिन्यात अंगात शिरतं. पाण्यात सी लायनची पिल्लं त्याच्याभोवती गिरक्या घेतील. त्याला आधीच सांगून ठेवा, की हात जवळ ठेवायचे, पाठलाग करायचा नाही. आपण स्थिर राहिलो की ती आपणहून येतात.

क्रूझ की गाव? तुमच्या बाबतीत दोन्ही, अर्धं अर्धं. कारण साधं आहे. फर्नांदिना आणि इसाबेलाचा पश्चिम किनारा गावातून एका दिवसात होत नाही, तिथे जहाजानेच जावं लागतं. पूर्वेची बेटं मात्र गावात राहूनही होतात. ही बेटं राष्ट्रीय उद्यान आहेत आणि उद्यानाच्या नियमाने एक जहाज चौदा दिवसांत त्याच जागी पुन्हा जाऊ शकत नाही, म्हणून बहुतेक जहाजांच्या दोन फेऱ्या असतात, एक पश्चिमेची आणि एक पूर्वेची किंवा उत्तरेची. आरक्षण करताना जहाजाचं नाव नंतर विचारा, आधी फेरी विचारा, आणि त्यात पुंता एस्पिनोसा लिहिलंय का ते बघा.

तर असं करा: इक्वाडोरमधल्या कीतो किंवा ग्वायाकीलहून विमानाने बाल्त्रा बेटावर उतरा, चार रात्रींची पश्चिम फेरी घ्या, मग पोर्तो आयोराला दोन रात्री, तिथून लांचाने म्हणजे वेगवान बोटीने दोन तासांत सान क्रिस्तोबाल. तिथे तीन रात्री, त्यातला एक दिवस एस्पान्योला. परत सान क्रिस्तोबालहूनच विमान, म्हणजे उलटं यावं लागत नाही. लांचा लाटांवर आपटत जाते. सासूबाईंना मागच्या बाजूला, मधल्या जागेवर बसवा आणि उलटीची गोळी निघण्याच्या आधी द्या, बोटीत चढून नाही. छोटं जहाज निवडा. एका वाटाड्यामागे सोळाच माणसं हा नियम सगळीकडे आहे, पण सोळांचं जहाज सगळ्यांना एकदम किनाऱ्यावर नेतं, मोठ्या जहाजात पाळी लागते. हेनोवेसा हे पक्ष्यांचं बेट आणि अगदी उत्तरेची वुल्फ-डार्विन ही हॅमरहेड शार्कची बेटं या वेळी सोडून द्या. वुल्फ-डार्विन तर खोल बुडी मारणाऱ्या स्कूबावाल्यांसाठीच आहेत.

पैशांचं थोडक्यात. चलन अमेरिकी डॉलर. ऑगस्ट २०२४ पासून परदेशी प्रवाशाला उद्यानाचं प्रवेशशुल्क २०० डॉलर आहे, बारा वर्षांखालच्याला १००. मुलगा बारा पूर्ण व्हायच्या आत गेलात तर तेवढे वाचतील. शिवाय मुख्य भूमीच्या विमानतळावर माणशी २० डॉलरचं प्रवासी ओळखपत्र. दोन्हींसाठी रोख जवळ ठेवा, सुट्ट्या नोटा ठेवा, गावातली एटीएम दर वेळी चालतीलच असं नाही.

विमानतळावर सामानाची कसून तपासणी होते. फळं, बिया, मातीचे बूट चालत नाहीत. लोक त्याला कटकट समजतात, म्हणून कारण सांगते. खलाशांनी सोडलेल्या बकऱ्यांनी सांतियागो आणि इसाबेलाचा उत्तर भाग इतका खरवडून टाकला होता की कासवांना सावली आणि चारा उरला नव्हता. त्या बकऱ्या पूर्णपणे काढायला २००६ साल उजाडलं. शेवटच्या सापडत नाहीत म्हणून गळ्यात रेडिओपट्टा बांधलेल्या बकऱ्या सोडायच्या आणि त्या कळपात सामील झाल्या की कळप शोधायचा, असं वर्षानुवर्षं चाललं. बकरी निदान डोळ्यांना दिसते. फिलोर्निस नावाच्या बाहेरून आलेल्या माशीच्या अळ्या घरट्यात पिल्लांचं रक्त पितात आणि खारफुटीतला फिंच तिच्यामुळे संपायच्या बेतात आलाय. ती माशी कोणी मुद्दाम आणली नव्हती. तेव्हा निघण्याच्या आदल्या रात्री बुटांचे तळ ब्रशने घासून काढा, खिशातली कोपऱ्यात अडकलेली बी सुद्धा.

बाकी नियम: प्राण्यांपासून दोन मीटर, फ्लॅश नाही, ड्रोन नाही, वाट सोडायची नाही, शिंपला किंवा दगड उचलायचा नाही. दोन मीटर हा नियम आपल्याला आहे, प्राण्यांना नाही. सी लायन तुमच्या टॉवेलवर येऊन झोपला तर टॉवेल त्याचा. १५३५ साली वारा पडल्याने वाहत इथे पोचलेल्या बिशप तोमास दे बेरलांगाने लिहून ठेवलं होतं, की इथल्या पक्ष्यांना पळून जायचं समजत नाही. त्यांच्या वाट्याला जमिनीवरचा मोठा शिकारी कधी आलाच नाही, हे कारण. त्या विश्वासापायी खलाशांनी लाखभर तरी कासवं जिवंत जहाजांत रचून नेली. अन्नपाण्यावाचून ती महिनोन् महिने जगतात, एवढा एक गुण त्यांना नडला.

आता सासूबाई. झेपेल, पण कुठे थांबायचं ते आधी ठरवा. बार्तोलोमे या छोट्या बेटावर गेलात तर त्याच्या माथ्यावर पावणेचारशेच्या आसपास लाकडी पायऱ्या आहेत. धरायला कठडा आहे, निम्म्यावर बसायला जागा आहे, आणि निम्म्यावरूनही दृश्य उत्तम आहे. एस्पान्योलाची वाट त्यापेक्षा कठीण, गोल धोंड्यांवरून पाय ठेवत जावं लागतं, काठी हवीच. फर्नांदिनाचा लाव्हा सपाट आहे, तिथे त्या सहज चालतील. जहाजावरून पांगा नावाच्या रबरी होडीत उतरताना लोक हात हातात देतात, तो ओला असला की सुटतो. खलाशी मनगट धरायला सांगतात, तुमचा पंजा त्याच्या मनगटावर आणि त्याचा तुमच्या. हे सासूबाईंकडून घरीच चार वेळा करून घ्या. उतरणं दोन प्रकारचं असतं, कोरडं आणि ओलं. ओल्यात गुडघाभर पाण्यात पाय टाकावा लागतो, त्यासाठी मागे पट्टा असलेल्या सॅंडल घ्या.

आणि पोर्तो आयोराच्या दोन दिवसांत, तुम्ही दोघं मुलाला घेऊन तोर्तुगा खाडीला चालत जाल तेव्हा त्यांना गावातल्या मासळी बाजारात बसवा. धक्क्याला लागून एक ओटा आहे, तिथे कोळी बायका मासे साफ करत असतात. सी लायन मांजरासारखा त्यांच्या पायाशी उभा राहतो, पुढचे पर ओट्याला टेकवून वर बघतो. मागे पेलिकन रांग लावतात, करडे बगळे कडेने टपून असतात, खाली काळ्या दगडांवर लालभडक खेकडे आतडी गोळा करतात. मधूनच एखादी बाई सी लायनला कोपराने बाजूला सारते आणि काम चालू ठेवते. सकाळच्या होड्या आल्यावर जा, बसायला बाक आहे आणि सावली आहे.